मोरपंखीची इरली

काल दुपारी आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधली भिंत पडली. पडली म्हणजे धाडकन नव्हे. अगदी सावकाश, बसल्या जागी बसली. श्रावणातल्या पावसाने तिच्यातल्या मातीचा पार लगदा करून टाकला होता. आधी मधला एक दगड सुटला, मग त्याच्या ओळखीचे दोन-चार सुटले, आणि मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते तो मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड. त्यातून शेजारची ओसरी, ओसरीवरची दोरी, दोरीवरची न वाळणारी लुगडी, सगळं दिसायला लागलं. मला वाईटबिईट काही वाटलं नाही. ती भिंत माझ्या डोळ्यांना कधीच बरी दिसली नव्हती.

आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण दगडांचा आवाज तिच्यापर्यंत पोचला असावा.

"काय पडलं गं?"

"भिंत."

"कुटली?"

"मधली. नलूमावशीची."

"पडली व्हय," आई म्हणाली आणि ताटातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या भगदाडापाशी काही ना काही काम काढून जात राहिले.

कारण त्या भिंतीच्या जागी एके काळी मोरपंखीची रांग होती.

मोरपंखी म्हटल्यावर पोरींना अजूनही पुस्तकात ठेवायची 'विद्या' आठवते. आमच्या शाळेत सगळ्यांचाच समज होता की मोरपंखीचं पान धड्यात घालून ठेवलं की अभ्यास आपोआप येतो. पान हातात चुरगळलं की त्याचा एक थंड, किंचित तिखट वास यायचा, थोडा कापराकडे झुकणारा. माझ्या घराला तर अख्खी रांगच्या रांग होती, त्यामुळे वर्गात माझा भाव भारी वधारलेला असे. गणितात मी दर वर्षी कशीबशी तरत असे ही गोष्ट वेगळी. विद्येनेसुद्धा माझा विश्वासघातच केला म्हणायचा, पण तो पुढच्या मानाने अगदीच किरकोळ.

ही झाडं लावली ती नलूमावशी इथे राहायला आली तेव्हा. नलूमावशी काही आईची सख्खी बहीण नव्हे. ती पुण्याची. तिचे यजमान, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, छातीने अधू होते, म्हणून हवेसाठी त्यांनी लोणावळ्यात आमच्या शेजारची जागा घेऊन लहानसं घर बांधलं. मध्ये भिंत घालायची वेळ आली तेव्हा मावशीच म्हणाली, "भिंत कशाला, वहिनी? डॉक्टर म्हणालेत, सुरू, मोरपंखी असल्या झाडांवरून आलेला वारा छातीला चांगला. आपण झाडंच लावू. अर्धी तुमची, अर्धी माझी."

माझी आई परंदवडीची. भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोणावळ्याच्या मालधक्क्यावर नोकरी लागली म्हणून ती गाव सोडून इथे आली. बिऱ्हाडाच्या आजूबाजूच्या बायका तिच्या 'हितं-तितं'ला आणि 'व्हय-न्हाई'ला पदराआड हसायच्या. आई बोलायचीच बंद झाली होती. नलूमावशी तिला हसली नाही, एवढ्यावरच आईने तिला काळीज काढून दिलं. मावशीने तुंगार्लीच्या एका बंगल्यातून रोपं आणवली, आईने परंदवडीहून गाडीभर शेणखत आणवलं, आणि दोघींनी कासोटे घट्ट करून खड्डे भरले. वरून कुणाचं रोप नि कुणाचं खत हे पुढे कुणाला सांगता आलं नसतं. तुम्ही-आम्ही करता करता दोघी एकमेकींना अगं-तुगं करू लागल्या. झाडांच्या फटीतून आमटीची वाटी इकडे यायची, आंबेमोहराच्या भाताचं पातेलं तिकडे जायचं. आईला लोणावळ्यात मैत्रीण अशी ती एकच. नंतरही दुसरी झाली नाही.

लोणावळ्याचा पाऊस पाहुण्यांना आवडतो, कारण त्यांना परत जायचं असतं. आम्हाला इथेच राहायचं असतं. मिठाला पाणी सुटतं, काड्याच्या पेट्या चुलीच्या उबेला ठेवाव्या लागतात, आणि बुरशी तर इथली जुनी भाडेकरूच. चपलांवर, देवघरातल्या पाटावर, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर, भाऊंच्या टोपीवरसुद्धा. म्हणून ज्येष्ठातच पश्चिमेच्या भिंतींना पेंढ्याचे तट्टे बांधायचे. तट्टा बांधला नाही तर भिंत पाणी पिते. मग चार महिने घरात अंधार, पण कोरडा अंधार. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तेच ठाऊक असणं आम्हाला भोवलं.

झालं असं, की आदल्या वर्षीच्या पावसाने मोरपंखीची झाडं फाटली होती. ती तोवर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, पाण्याच्या भाराने त्यांचे पंखे उघडायचे आणि फांद्या चहूकडे वाकायच्या. आईला ते बघवेना. ज्येष्ठात घराला तट्टे बांधून झाले, पेंढा उरला, तेव्हा ती झाडांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नलू, घराला आपन झाकतो, गुरांना झाकतो. मंग ह्यांनीच काय घोडं मारलंय? ह्यांना पन इरली करू."

शेतात लावणीला वाकलेल्या बाया पाठीवर इरलं घेतात, तसलंच, पण पेंढ्याचं आणि झाडाच्या मापाचं. मावशीने टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारख्या खरंच वाजवल्या, मी तिथे होते. "पण आधी त्यांना नीट गोल करून घेऊ," ती म्हणाली आणि तिने तुंगार्लीहून एका माळ्याला बोलावलं. तो भिजतच आला, सकाळी कुठल्याशा बंगल्यातली झाडं कातरून. त्याच ओल्या कात्रीने त्याने आमची सगळी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल केली. मग दोघींनी सुंभाने पेंढा आवळून बांधला, वर शेंडीसारखी गाठ मारली. आठवडाभर हाताला सुंभाचे वळ होते आणि दोघी ते एकमेकींना दाखवून हसत होत्या.

अण्णा खिडकीतून म्हणाले, "वा! आमच्या दारात लावणीला बाया आल्यात, पण काम एक करत नाहीत."

तो सगळा आषाढ, सगळा श्रावण ती इरली भिजत उभी राहिली. शाळेतून येताना धुक्यात आधी तीच दिसायची. मला घर आल्याचं त्यांच्यावरून कळायचं. आई रोज सकाळी जाऊन पेंढा चाचपायची, कुठे सुंभ सैल झालं तर आवळायची. "आत कशी कोरडी, उबदार बसली असतील," म्हणायची. तिने त्या झाडांना जेवढं जपलं तेवढं मला जपल्याचं मला आठवत नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही. सांगितल्यावर तक्रारच झाली ती.

गणपती बोळवले, ऊन पडलं, आणि दोघी इरली उतरवायला गेल्या. पहिलं सुंभ कापलं तेव्हा आतून वाफ आली. न वाळलेल्या गोधडीला येतो तसला वास. पेंढ्याच्या आतल्या बाजूला करडी लव धरली होती. झाडाचे शेंडे हिरवे होते, बाहेरचे पंखेही बरेचसे हिरवे होते, म्हणून आई आधी हसली. मग तिने दोन्ही हातांनी झाड उघडलं. आत बुंध्यापासून वरपर्यंत सगळं तपकिरी. हात लावला की पानं भुग्यासारखी झडत होती, आणि वाळल्या काडीवर खसखशीएवढे काळे ठिपके. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसरं झाड उघडलं, तेही तसंच. तिसरं उघडायला आईचा हात पुढे होईना, ते मावशीने उघडलं.

मला त्या वयात सगळ्यात राग आला तो झाडांचाच. आमच्याकडे तोंड करून हिरवं राहायचं आणि आतल्या आत मरायचं. एखादी फांदी आधीच पिवळी करून दाखवली असती तर काय बिघडलं असतं? पण झाडावर रागावून किती रागावणार.

आई हरली नाही. तिने वाळलेलं सगळं कापून काढलं, मुळाशी राख घातली, तंबाखूचं पाणी शिंपडलं, कडुलिंबाचा धूर केला. रोज थोडं तपकिरी कमी करायची आणि दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या फांदीवर जाऊन बसलेलं असायचं. जी झाडं थोडी बरी होती तीही एकेक करून आतून जायला लागली. मावशी सुरुवातीला बरोबर असायची. मग ती नुसती उभी राहून बघायची. मग एकदा मी पाहिलं, झाडाला हात लागला तर घरात जाऊन तिने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. झाडांच्या बाजूची अण्णांची खिडकी, जी भर पावसातही उघडी असायची, ती बंद झाली. त्या दिवसांत तिच्याकडे पुण्याहून कोणी पाहुणे आले होते. त्यांनी म्हणे सांगितलं, ही बुरशीची भुकटी श्वासातून छातीत गेली तर आधीच अधू माणूस हातचा जायचा. हे आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा मावशीने एका शब्दाने सांगितलं नाही. आईची वाटी गेली की भरून परत येत होती, "बरं का गं?" म्हणणं तसंच होतं, हसणंही तसंच.

भाद्रपदाच्या शेवटी आईच्या माहेरी म्हाळ होता आणि लगेच पोळा; तिकडे तो भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. जाताना आई झाडांपाशी थांबली. अजून आमच्या बाजूची तीन-चार झाडं तग धरून होती, त्यांच्या आतून हिरवे कोंभ फुटत होते, ते तिने मावशीला फांद्या बाजूला करून दाखवले.

"आमी पोळा करून येतो, नलू. तेवढं ह्यांच्याकडं ध्यान ठिव. पानी नगं घालूस, नुस्तं ध्यान ठिव."

"तू निश्चिंत जा," मावशी म्हणाली. "मी आहे ना."

हे तिचं 'मी आहे ना' मी आजवर विसरलेले नाही. मी वाक्यं फारशी लक्षात ठेवत नाही. पण काही वाक्यांना नंतर जी कळ येते, ती विसरू देत नाही.

परंदवडीला तो पोळा फार थाटात झाला. मामांनी बैलांची शिंगं रंगवली, मला हिंगूळ माखायला दिला. आईने सगळ्या भावजयांना झाडांची गोष्ट सांगितली. बरं होईल, होतंय, असं सांगितलं. परत निघताना कडुलिंबाचा पाला पोत्यात भरून घेतला. तळेगावला गाडीत चढताना तिकीट तपासणारा त्या पोत्याकडे बघून हसला होता.

स्टेशनपासून चालत घराच्या वळणावर आलो आणि काहीतरी जास्त दिसायला लागलं. जास्त आभाळ. मावशीचं अख्खं घर, पायऱ्यांपासून कौलांपर्यंत, जे कधीच एका नजरेत दिसत नसे. मग खाली बघितलं तर रांगेने बुंधे, त्यांचे घाव अजून ओले. फक्त तिच्या बाजूचे नव्हेत. सगळे. कोपऱ्यात ढीग पेटवलेला होता, पण ओलं लाकूड पेटत नव्हतं, नुसतं धुमसत होतं आणि त्या धुराला तोच कापराचा वास होता.

आईने पोतं खाली ठेवलं. "नलू!" अशी हाक मारली. दोनदा. मावशीच्या दाराला आतून कडी होती. आतून अण्णांचं खोकणं ऐकू आलं. घरात माणसं होती म्हणजे.

वलवणचा एक लाकूडतोड्या शेवटचे ओंडके ओढत होता. आईने त्याला विचारलं, "कवा तोडलीत?"

"काल, वैनी. बाईंनी आधीच सांगून ठिवलं हुतं. तुमी गावाला गेलात की या, म्हनल्या."

त्याला बिचाऱ्याला ह्यात काही सांगू नये असं आहे हे ठाऊक नव्हतं. आईने मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं, आणि कडुलिंबाचं पोतं उचलून आमच्या गुरांच्या गोठ्यात नेऊन टाकलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. आवाज होत नाही. आईने भाकरी थापल्या, भाऊंना वाढलं, मला वाढलं. ती स्वतः जेवली की नाही, ते बघायचं मला सुचलं नाही.

मग महिन्या-दीड महिन्यात भिंत उठली. मावशीने बांधवली. लोकांना वाटलं आम्ही भांडलो. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते, भाऊसुद्धा एकदा काठी घेऊन निघाले होते, पण आईने दोघांना आत घेतलं. मावशी भिंतीपलीकडून कधी दिसलीच तर आई तिला "कशा हायत तुमी?" विचारायची. तुमी. मावशी तेव्हा खाली बघायची.

पुढे शेतकी शिकलेल्या माझ्या दिरांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, ही बुरशी ओल्या कात्रीवरून एका झाडावरची दुसऱ्यावर जाते, आणि कोंदट जागा मिळाली की फोफावते. वारा लागू द्यायचा सोडून तुम्ही त्यांना गुंडाळून ठेवलंत. म्हणजे कात्री मावशीची आणि इरली आईची. अर्धी तुमची, अर्धी माझी, असं म्हणूनच सुरू झालं होतं, आणि चूकसुद्धा तशीच अर्धी-अर्धी वाटली गेली होती. ती वाटून घ्यायची तयारी मात्र एकट्या आईचीच होती. मावशी अण्णांसाठी घाबरली हे मी समजू शकते. मलाही नवरा आहे. पण घाबरलेल्या माणसाने शेजारच्या दाराशी यावं. शेजारणीला गावाला पाठवून, हसून, "निश्चिंत जा" म्हणून, मग कुऱ्हाडी आणाव्यात, हे मला आजही पटत नाही. वय वाढलं की माणूस क्षमाशील होतो म्हणतात. माझं वय अजून वाढायचं असेल.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेले ते छातीने नव्हेच, साध्या तापाने. त्या दिवशी मावशीच्या घरी चूल पेटणार नव्हती. आईने पिठलं-भाकरी केली, फडक्यात बांधली आणि मला बरोबर घेऊन निघाली. पूर्वी झाडांच्या फटीतून हात घातला की वाटी पोचायची. आता रस्त्याने वळसा घालून जावं लागलं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. आईला बघून तिचे ओठ हलले.

"मी तुला विचारणार होते गं," ती म्हणाली. "पण तू नाही म्हणाली असतीस."

आईने भाकरीचा तुकडा मोडून तिच्या ताटात ठेवला. "जेवून घ्या तुमी," म्हणाली. पुढे मावशी पुण्याला भावाकडे गेली आणि तिथेच वारली. घर विकलं गेलं, माणसं बदलली, लढाई सुरू झाली, रॉकेल महाग झालं. भाऊ गेल्यावर मी आईजवळ येऊन राहिले. भिंत तेवढी होती तशी राहिली, कालपर्यंत.

आज सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा शेजारची सुमन भगदाडापाशी आली. गेल्या वर्षीच इथे राहायला आलेली तरणी बाई, दोन लेकरांची आई. पडलेल्या दगडांच्या पलीकडेच उभी राहिली, अलीकडे पाऊल टाकलं नाही.

"काकू, हे म्हणतात, दगड आहेतच, भिंत पुन्हा उभी करू. पण मला वाटत होतं, झाडं लावली तर? तुम्हाला चालणार असेल तरच. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "थांब, आईला विचारते."

आई पडवीतच होती. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं. तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"कोन इचारतंय?"

"शेजारची सुमन."

"काय म्हनली?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली."

"आपल्याला इचारलं तिनं?"

"हो गं. भगदाडापाशी उभी आहे."

आई खांबाला धरून उठली. माझा हात नको म्हणाली. अनवाणी, चिखलातून, एकेक दगड चाचपत ती भगदाडापर्यंत गेली आणि जिथे बुंधे होते त्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिली. सुमन घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"लाव बाई," आई म्हणाली. "काय लावायचं त्ये लाव. पावसात झाकू मातर नगंस."

मग तिने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी तिला त्या झाडांपायी रडताना पाहिलं नव्हतं.

"मला नुसतं इचारलं असतं ना नलूनं," ती म्हणाली, "तर कुऱ्हाड म्याच दिली असती."

सुमनला त्यातलं काही कळलं नाही. तिने पुढे होऊन आईचा हात धरला, आणि आईने तो धरू दिला.